कूलर बंद करायचा की अॅम्प?

गेल्या महिन्यात तबला-पेटीच्या घरगुती रेकॉर्डिंगवर लिहिताना शेवटी सहज एक ओळ लिहून गेले, "इलेक्ट्रिक गिटारचं त्यामानानं सोपं असतं." ही ओळ चांगलीच अंगाशी आली. टपालानं पत्रं आली, मोबाइलवर आली, एक तर नागपुरात महाल भागातल्या आमच्या दारातून थेट हातात आलं. "ताई, एवढं सोपं असेल तर नंदनवनात येऊन करून दाखवा," असाही निरोप आहे. दर वेळी येणं जमणार नाही, म्हणून हे सदर यावेळी गिटार आणि बेसवाल्यांना देऊन टाकते.

नव्या वाचकांसाठी एवढंच, की मी चौदा वर्षं ऑर्केस्ट्रात बेस वाजवला. गणपती, लग्नं, कोजागिरी, सगळं केलं. आता घराच्या मागच्या खोलीत लोकांची गाणी रेकॉर्ड करते. खाली लिहिलंय ते बहुतेक चुका करूनच शिकले आहे.

प्रश्न : ताई, मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. प्रतापनगरात तीन मित्रांसोबत खोली करून राहतो. गिटारच्या मोठ्या पिनेला कन्व्हर्टर लावून ती लॅपटॉपच्या माइकच्या भोकात घातली. आवाज गोधडीखालून आल्यासारखा येऊन राहिला. तार छेडली की जरा वेळानं ऐकू येते. डिस्टॉर्शनचं फुकट सॉफ्टवेअर टाकलं, तर पत्र्याच्या डब्यात माश्या सोडल्यासारखं वाजतं. काहून?

उत्तर : काहून ते सांगते. तुझ्या खोलीत तीन वेगळे आजार आहेत आणि तू एकच गोळी शोधतो आहेस.

पहिला आजार भोकाचा. गिटारच्या पिकअपमधून, म्हणजे तारांची थरथर विजेत बदलणाऱ्या कॉइलमधून, येणारा सिग्नल फार अशक्त असतो. त्याला समोर मोठा रोध लागतो, साधारण १ मेगाओम, म्हणजे दहा लाख ओम. गिटार अॅम्पचं इनपुट तसंच बनवलेलं असतं. माइकच्या इनपुटचा रोध जेमतेम दोन-तीन हजार ओमच्या घरातला. उन्हाळ्यात नळाला करंगळीएवढी धार येते, तिच्याखाली बुडाला भोक पडलेली बादली ठेवली तर ती भरेल का? इथं तेच होतं, आणि सगळ्यात आधी वरची चमक गळते. म्हणून गोधडी.

यावर उपाय म्हणजे ऑडिओ इंटरफेस, गिटार आणि लॅपटॉपच्या मध्ये बसणारी छोटी पेटी, आणि त्यावर 'इन्स्ट' किंवा 'हाय-झी' लिहिलेलं बटण. कुठं कुठं नुसतं गिटारचं चित्र असतं. फोकसराइटच्या स्कार्लेट सोलोसारख्या लहानशा पेटीलाही ही सोय आहे. जुनी घेतलीस तरी चालेल, पण विकणाऱ्यासमोर ते बटण दाबून गिटार वाजवून बघ. चौघं राहता, वर्गणी काढा. आवाजाची पातळी अशी ठेव, की सगळ्यात जोरात वाजवल्यावर मीटर उणे १० डेसिबलच्या आसपास पोचावा. लाल दिवा एकदाही लागता कामा नये. २४ बिटवर रेकॉर्ड केलं की आवाज थोडा लहान राहिला तरी नंतर वाढवता येतो. फाटला तर शिवता येत नाही.

दुसरा आजार उशिराचा. कॉम्प्युटर आवाज थेंबाथेंबानं घेत नाही, भांडं भरलं की उचलतो. त्या भांड्याला बफर म्हणतात. आवाजाच्या एकेका मोजणीला सॅम्पल म्हणतात. सेकंदाला ४४,१०० सॅम्पल घेतले तर १२८ चा बफर म्हणजे जवळपास ३ मिलिसेकंद, ५१२ चा म्हणजे साडेअकरा. आत येताना एक भांडं आणि बाहेर जाताना दुसरं, त्यामुळे उशीर दुपटीच्या वर जातो. हवेत आवाज एका मिलिसेकंदात फूटभर जातो, हे ध्यानात ठेव. स्टेजवर माझा अॅम्प मागे दहा फुटांवर असायचा, म्हणजे ९ मिलिसेकंदांचा उशीर मी रोज पचवत होते आणि कधी जाणवलाही नाही. पंचवीसच्या पुढं गेलं की हात अडखळतो. विंडोज वापरत असशील तर इंटरफेसच्या कंपनीचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर टाक. वाजवताना बफर १२८ ठेव आणि मिक्स करताना वाढव.

तिसरा आजार माश्यांचा. गिटार अॅम्पचा स्पीकर हा घरच्या स्पीकरसारखा प्रामाणिक नसतो. बारा इंची स्पीकर पाच हजार हर्ट्झच्या वरचं जवळजवळ गिळूनच टाकतो. डिस्टॉर्शनमधली सगळी खरखर तिथं वर राहते, आणि तू ती न गाळता ऐकतो आहेस. सॉफ्टवेअरमध्ये अॅम्पच्या नंतर 'कॅब' किंवा 'आयआर' असा भाग असतो, तो सुरू कर. आयआर म्हणजे खऱ्या कॅबिनेटसमोर, स्पीकरच्या खोक्यासमोर, माइक ठेवून घेतलेला त्याच्या आवाजाचा ठसा. न्यूरल अॅम्प मॉडेलर नावाचं अॅम्पचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यात घातलेला ठसा नुसत्या अॅम्पचा असेल तर पुढं आयआर स्वतः जोडावा लागतो. लोक इथंच विसरतात.

आणि आता जे सांगते ते वहीत लिहून ठेव. ट्रॅकवर कोरा सिग्नलच टिपायचा. अॅम्पचं सॉफ्टवेअर ऐकण्यापुरतं वर लावायचं, ते ट्रॅकमध्ये भाजायचं नाही. मी एकदा हे चुकवलं. एका पोट्ट्याचा सोलो त्याच्या प्रोसेसरमधून तसाच घेतला, दणदणीत डिस्टॉर्शनसकट. महिनाभरानं गायिका बदलली, गाणं हळवं झालं आणि तो सोलो लग्नात घुसलेल्या ट्रकसारखा वाटू लागला. पोट्टा तोवर नोकरीला पुण्याला गेलेला. कोरा ट्रॅक असता तर दहा मिनिटांचं काम होतं.

प्रश्न : मी बँकेत आहे, खामल्यात राहतो, हौसेनं बेस वाजवतो. खोली दहा बाय बारा, जुनं घर असल्यामुळे छतही दहा फूट. अॅम्पसमोर माइक ठेवून रेकॉर्ड करतो. ई तारेच्या पाचव्या फ्रेटवरचा ए वाजवला की आलमारी थरथरते, बाकीचे सूर मात्र मिळमिळीत. बेस खराब आहे की माझा हात?

उत्तर : तुमचं पत्र वाचून मी उठून टेप काढली आणि आमच्या खोल्या मोजल्या, इतकं ते अचूक आहे. दोष बेसचाही नाही, हाताचाही नाही. दोष दहा फुटांचा आहे.

समोरासमोरच्या दोन भिंतींत आवाज मागंपुढं आपटतो आणि एका ठरावीक कंपनसंख्येला स्वतःच्याच पाठीवर स्वार होतो. दहा फुटांसाठी ती येते सुमारे ५६ हर्ट्झ. तुमचा तो ए किती? ५५. छतही दहा फुटांवर, म्हणजे उभ्या दिशेलाही तोच आकडा. दोघांनी मिळून एकाच सुराला खांद्यावर घेतलंय. बारा फुटांची बाजू ४७ हर्ट्झला, एफ शार्पच्या जवळ, थोडा फुगवटा देत असेल. वाजवून बघा. आणि मोकळ्या ई तारेचा सूर ४१ हर्ट्झचा. त्याची एक लाट सत्तावीस फुटांहून लांब असते. ती तुमच्या खोलीत पाय पसरूच शकत नाही.

म्हणून घरी बेससाठी माइक विसरा. बेस थेट इंटरफेसमध्ये घाला, खोली आपोआप बाहेर राहते. यात कमीपणा काही नाही. डेट्रॉइटच्या मोटाउन स्टुडिओत १९६० च्या दशकात जेम्स जेमरसनचा बेस असाच थेट कन्सोलमध्ये, म्हणजे स्टुडिओच्या मोठ्या मिक्सरमध्ये, जायचा, आणि अख्ख्या जगानं त्यावर ताल धरला. तुमच्या बेसमध्ये नऊ व्होल्टची बॅटरी असेल तर वाजवून झाल्यावर केबल काढून ठेवा. पिन आत असेपर्यंत बॅटरी जळत राहते. ऑर्केस्ट्रात ऐन कार्यक्रमात माझा आवाज गेला होता तो याचमुळे. पुढच्या तीन गाण्यांत मी नुसतीच मान हलवत उभी होते.

थेट घेतलेला बेस आधी थोडा कोरडा वाटेल. त्याच ट्रॅकची नक्कल करा, नकलेवर हलकं डिस्टॉर्शन लावा, तिच्यातला दीडशे-दोनशे हर्ट्झच्या खालचा भाग कापा आणि मूळ ट्रॅकच्या खाली अगदी हळू मिसळा. मोबाइलच्या स्पीकरवर बेस ऐकू येतो तो या वरच्या खरखरीमुळेच. खालचा सूर मोबाइल वाजवूच शकत नाही. मग कॉम्प्रेसर लावा, तो लहानमोठे सूर एका पातळीला आणतो. पण तुमच्या उजव्या हाताचा जोर सुरागणिक बदलत असेल तर कॉम्प्रेसर फक्त लाज झाकतो. आठवडाभर मेट्रोनोमवर एकच सूर वाजवा, त्यानं जास्त फरक पडेल.

एक सावधगिरी. थेट घेतल्यावरही तुमच्या खोलीत स्पीकरवर ऐकताना ए फुगलेलाच वाटेल, कारण आता खोली ऐकताना खोड काढते आहे. म्हणून ५५ हर्ट्झ कापायला जाऊ नका, नाहीतर दुसऱ्याच्या गाडीत तो सूरच गायब होईल. हेडफोनवर पडताळा.

आणि अॅम्पचा मोह सुटतच नसेल, तर दोन्ही एकदम घ्या. फक्त माइक स्पीकरपासून फूटभर असेल तर त्याचा आवाज ट्रॅकवर जवळपास ४० सॅम्पल उशिरा उतरतो. दोन्ही ट्रॅक एकत्र वाजवल्यावर आवाज एकेकट्यापेक्षा बारीक झाला, तर माइकचा ट्रॅक तेवढा डावीकडं, म्हणजे आधी, ओढा किंवा त्याची पोलॅरिटी (लाटेची वर-खाली दिशा) उलटून बघा. जाड वाटेल ते ठेवा.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक, बजाजनगर. वय ६३. नातवाची जुनी गिटार शिकतो आहे. इंटरफेस घेतला, पण सारखी घूंऽऽ वाजते. तारांना हात लावला की कमी होते, सोडला की वाढते. ओळखीच्या एकानं सांगितलं, प्लगची तिसरी मोठी पिन काढून टाका, आवाज जाईल.

उत्तर : काका, ती पिन काढू नका. तो म्हणतो तसा आवाज खरंच जाईलही, पण त्याबरोबर माणूस जाऊ शकतो. अॅम्पमध्ये किंवा चार्जरमध्ये आत कधी बिघाड झाला तर वीज त्या तिसऱ्या पिनेतून जमिनीत जाते. पिन नसेल तर ती तारांवर येऊन बसते, आणि तुमचे दोन्ही हात तिथंच असतात. १९७२ साली वेल्समधल्या स्वान्सी शहरात स्टोन द क्रोज या बँडचा गिटारवादक लेस हार्वे स्टेजवरच विजेच्या धक्क्यानं गेला. घरातली अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या, जुन्या घरांत ती नुसती नावापुरती असते.

हात लावल्यावर घुरघुर कमी होते हे चांगलं लक्षण आहे. आपलं शरीर घरातल्या वायरिंगची ५० हर्ट्झची कुजबुज अँटेनासारखं गोळा करतं. तारा आतून जमिनीला जोडलेल्या असतात, त्यांना हात लागला की ती कुजबुज तिकडं वाहून जाते. म्हणजे गिटारचं वायरिंग शाबूत आहे.

आता उरलेली घुरघुर शोधू. वाजवता वाजवता खुर्चीसकट हळूहळू गोल फिरा. एका दिशेला आवाज एकदम पडेल, तिथं खडूनं खूण करा, तुम्हाला सवय असेलच. मग लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा. पंख्याचा गोल फिरणारा रेग्युलेटर असेल तर पंखा पूर्ण वेगावर ठेवा किंवा बंद करा, मधल्या वेगांवर त्यातून कर्कश भुणभुण येते. खोलीतले एलईडी एकेक करून विझवून बघा. नातवाच्या गिटारला एकेरी कॉइलचे बारीक पिकअप असतील तर थोडी घुरघुर राहणारच, तो त्यांचा स्वभाव आहे. त्यावरच तोडगा म्हणून गिब्सन कंपनीत सेथ लव्हरनं १९५५ मध्ये दोन उलट्यासुलट्या कॉइलचा हमबकर बनवला. तीन पिकअपची गिटार असेल तर निवडीचा खटका दुसऱ्या किंवा चौथ्या जागेवर ठेवून बघा, बऱ्याच गिटारींत तिथंही हीच करामत चालते.

प्रश्न : ताई, आम्ही नंदनवनचे चार पोट्टे. पंधरा वॉटचा ट्यूब अॅम्प आहे, एसएम ५७ माइक मागून आणलाय, गाणं मे महिन्यातच संपवायचं आहे. कूलर चालू ठेवला तर घरघर येते, बंद केला तर आम्ही संपतो. काय करावं?

उत्तर : तो नंदनवनात बोलावणारा निरोप तुमचाच ना? येणार नाही, पण उत्तर पूर्ण देते.

नवतपात बंद खोलीत ट्यूब अॅम्प आणि चार माणसं, म्हणजे रेकॉर्डिंग नव्हे, भट्टी. तेव्हा काम दोन तुकड्यांत करा. वाजवणारा कूलरच्या हवेत बसून गिटार थेट इंटरफेसमध्ये घालेल, हेडफोनवर सॉफ्टवेअरचा अॅम्प ऐकेल आणि कोरा सिग्नल टिपला जाईल. कूलर गवताच्या ताट्यांसकट कितीही घरघरू दे, तारेत तो शिरत नाही. पिकअपला हवेतला आवाज ऐकू येत नाही. फक्त मोटारीच्या अगदी जवळ बसू नका, तिचं चुंबकत्व मात्र ऐकू येतं. सगळे ट्रॅक झाले की पहाटे पाचला अॅम्प एकटा खोलीत ठेवा, कूलर बंद करा, दार लावा आणि तोच कोरा सिग्नल इंटरफेसच्या आउटपुटमधून रीअॅम्प बॉक्सद्वारे अॅम्पमध्ये सोडा. ही लहानशी डबी सिग्नल पुन्हा गिटारच्या मापाचा करते. तुम्ही बाहेर ओसरीवर बसा. माइक हलवून, नॉब फिरवून तेच वाजवणं दहा वेळा अॅम्पमधून काढता येतं, आणि घाम अॅम्पला येत नाही.

आता माइक. एसएम ५७ हा १९६५ पासून बाजारात आहे आणि गिटार अॅम्पसमोर बहुतेक तोच असतो, मागून आणलात ते उत्तम केलं. मोबाइलचा टॉर्च जाळीवर मारा, आत स्पीकरच्या मध्ये गोल टोपी दिसेल. माइक जाळीपासून दोन बोटांवर, टोपीची कड आणि कागदी कोन जिथं मिळतात तिथं रोखा. मध्याकडं सरकवलात तर आवाज तीक्ष्ण, कडेकडं नेलात तर दबका आणि उबदार. अर्ध्या इंचानंही फरक पडतो, म्हणून इक्वलायझरला हात लावण्याआधी माइकला लावा. एक जण हेडफोन घालून ऐकेल, दुसरा माइक सरकवेल, आणि दोघं भांडतील. भांडा. पण आवाज पसंत पडला की त्या जागी टेप लावा, कारण चहा घेऊन येणारा तिसरा स्टँडला लाथ मारतोच.

अॅम्प पूर्ण चढवू नका. स्टेजवर शोभतं तेवढं डिस्टॉर्शन रेकॉर्डिंगमध्ये चिखल करतं. तुम्हाला बरं वाटतं त्याच्या दोन-तृतीयांश ठेवा. गिटार जाड हवी असेल तर तेच दोनदा वाजवा, एक डावीकडं, एक उजवीकडं. एकच ट्रॅक कॉपी करून दोन्हीकडं टाकलात तर तो फक्त मोठा होतो, रुंद होत नाही.

आणि प्रत्येक टेकच्या आधी सूर लावा. तापलेली तार सैल पडते, कूलरसमोर आली की पुन्हा चढते. त्या ओल्या हवेनं ती गंजतेही, म्हणून वाजवून झालं की कोरड्या फडक्यानं पुसा.

प्रश्न : भिंतींना अंड्यांचे ट्रे लावले तर? — एक वाचक, सदर, नागपूर

उत्तर : आमलेट करा. ट्रे वरचा थोडासा चुरचुराट सोडला तर काही शोषत नाहीत, शेजाऱ्यांपर्यंत जाणारा आवाज तर मुळीच अडवत नाहीत, आणि पेटायला चटकन पेटतात. आपल्याकडं कापूस पिकतो. पिंजून भरलेली चार इंची जुनी गादी अॅम्पच्या मागं भिंतीला उभी करा, जमलं तर मागं वीतभर फट सोडून. ती खरोखर काम करते. बेसचा खालचा घुमारा मात्र तिलाही आवरत नाही.

प्रश्न : मी मनीषनगरला फ्लॅटमध्ये राहते. मुलगा बारावीनंतर सुट्टीत रात्री अकराला गिटार घेऊन बसतो. खालच्यांनी दोनदा तक्रार केली. हेडफोन लावून खरं रेकॉर्डिंग होतं का? तो म्हणतो, अॅम्पशिवाय मजा नाही.

उत्तर : मजेचं तो म्हणतो ते खरं आहे, पोटात आवाज बसावा लागतो. रेकॉर्डिंगचं मात्र खरं नाही. १९६८ साली बीटल्सनी एका गाण्यातल्या गिटारी अॅम्पला हातच न लावता थेट स्टुडिओच्या कन्सोलमध्ये घातल्या आणि कन्सोलच्या कुवतीपलीकडं ढकलून त्यातून करकरीत आवाज काढला. बोस्टन या बँडचा टॉम शोल्झ पोलरॉइड कंपनीत इंजिनिअर होता. घराच्या तळघरात रात्री बसून त्यानं रेकॉर्ड केलेलं काम १९७६ च्या पहिल्या अल्बममध्ये आलं, आणि पुढं त्यानं हेडफोनवर वाजवायचा रॉकमन नावाचा छोटा अॅम्पच विकायला काढला. मुलाला हे दोन दाखले द्या, माझं नाव सांगू नका.

हेडफोन कान पूर्ण झाकणारे, मागून बंद असलेले घ्या. आवाज बेताचा ठेवायला सांगा, कान एकदाच मिळतात. खालच्यांना आता ऐकू जाईल ते फक्त त्याच्या पायाचं ठेका धरणं, त्यासाठी पायाखाली जाड सतरंजी घाला.

अडचण एकच राहील. जेवायला हाक मारलीत तर त्याला ऐकू येणार नाही. बाहेरून दिव्याचं बटण दाबून बोलावू नका, त्या ठिणगीचा टक्क आवाज पिकअपमधून थेट ट्रॅकवर उतरतो. मोबाइलवर निरोपही नको, फोन गिटारजवळ असला की कधी कधी त्याचीही टुकटुक येते. दाराखालून चिठ्ठी सरकवा.